फुर्न, तन्नूर आणि हरभऱ्याची वाटी

अरबी भाषेंत रोटीच्या भट्टीला ‘फुर्न’ म्हणतात. शब्द कानाला अस्सल अरबी वाटतो, परंतु तो मूळचा अरबी नव्हे. रोमन लोकांच्या लॅटिन भाषेंत भट्टीस ‘फुर्नुस’ हें नांव होतें. सीरिया व पॅलेस्टाइन हे मुलूख सुमारें सात शतकें रोमच्या आणि पुढें बायझँटियमच्या अमलाखालीं राहिले. राज्यकर्ते गेले, पण त्यांची भट्टी व तिचें नांव हीं मागें राहिलीं. तोच लॅटिन शब्द पश्चिमेकडे पोर्तुगीज लोकांच्या तोंडीं ‘फोर्नु’ झाला आणि सोळाव्या शतकांत त्यांच्या गलबतांतून मांडवीच्या तीरावर उतरला. गोव्यांतील पोदेर आपल्या भट्टीला आजही ‘फोर्न’ म्हणतो. बेरूतचा भट्टीवाला आणि म्हापशाचा पोदेर यांस एकमेकांचें नांवगांव ठाऊक असण्याचें कांहीं कारण नाहीं. तरी एकाच आजोळचा शब्द दोघांच्या तोंडीं आहे. गोव्याची कोंड्याची पोय आणि लेबाननची गोल रोटी या दोन्ही आंतून पोकळ असतात, हेंही येथें नमूद करण्यासारखें आहे. मात्र एवढ्यावरून पोयीचें कूळ अरबस्तानांत शोधण्याचा मोह आम्ही आवरतों. पोकळपणा हा भट्टीच्या उष्णतेचा गुण आहे, वंशाचा नव्हे.

फुर्नच्याही आधींचा शब्द म्हणजे ‘तन्नूर’. बाबिलोन-असीरियाच्या अक्कडी भाषेंत ‘तिनूरु’, हिब्रू व अरामी भाषांत ‘तन्नूर’, अरबींत तोच, आणि इराणांतून आपल्या उत्तर हिंदुस्थानांत आल्यावर ‘तंदूर’, असा या शब्दाचा प्रवास आहे. कुराणांतील नूहाच्या कथेंत महापुराचें पाणी प्रथम तन्नूरांतून उसळलें असें सांगितलें आहे. बायबलाच्या जुन्या करारांत, लेवीय नांवाच्या पुस्तकांत, दुष्काळाची एक खूण दिली आहे ती आम्हांस फार मार्मिक वाटते: घरोघरच्या भट्ट्या विझून दहा बायकांना मिळून एकाच भट्टींत आपली भाकर भाजून घ्यावी लागेल. धान्य किती खंडी पिकलें याचा हिशेब न देतां, किती चुली पेटल्या एवढेंच त्या लेखकानें सांगितलें आहे.

तन्नूर आणि फुर्न यांच्यांत भेद आहे. तन्नूर म्हणजे मातीचा उभा रांजण; त्याच्या तापलेल्या आंतल्या अंगाला रोटी थापून चिकटवावयाची. तो घराच्या अंगणांत बसतो आणि त्याला ओंजळभर काटक्या पुरतात. फुर्नचें तसें नाहीं. त्याला सपाट दगडी तळ, वर घुमट, लांब दांड्याचें लाकडी फावडें आणि सतत जळण लागतें. म्हणून फुर्न ही शहराची, मोहल्ल्याची वस्तु झाली. घरची कणीक घरीं मळून, तबकांत गोळे मांडून, वर फडकें टाकून तें तबक मुलाच्या डोक्यावर देऊन फुर्नवर पाठवावयाचें, अशी रीत त्या देशांतील शहरांत गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्रास होती. भट्टीवाला भाजणावळ घेई. आमच्या पिढीच्या वाचकांस यांत नवल वाटूं नये. पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांतून रवा, मैदा, तूप, साखर डब्यांत भरून नानकटाई भाजून आणण्यासाठीं बेकरींत नंबर लावून आपणांपैकीं पुष्कळजण बसलेले आहेत! सामान घरचें, आंच परक्याची, हा व्यवहार दोन्हीकडे सारखाच. लांकडावर चालणाऱ्या या जुन्या भट्ट्यांचे दिवस आतां दोन्हीकडे सरत आले आहेत. लेबाननमध्यें लांकडाची जागा तेलानें व गॅसनें घेतली. मुंबईंत हवेच्या शुद्धीकरितां लांकूड-कोळशाच्या भट्ट्यांनीं सहा महिन्यांत इंधन बदलावें असें उच्च न्यायालयानें २०२५ च्या जानेवारींत फर्मावलें.

रोटी किती जुनी? शेतीनंतर रोटी आली, असें आम्ही विद्यार्थिदशेंत शिकलों व पुढें कित्येक वर्षें विद्यार्थ्यांस तसेंच शिकविलें. त्यावेळचा पुरावा तसाच होता. परंतु जॉर्डन देशाच्या ईशान्य भागांत, काळ्या दगडांच्या वाळवंटांत, शुबैका नांवाच्या स्थळीं उत्खननांत सांपडलेल्या चुलींतील करपलेल्या कणांचें संशोधन २०१८ मध्यें प्रसिद्ध झालें, आणि हा क्रम उलटा करावा लागला. ते कण सुमारें १४,४०० वर्षांपूर्वींच्या चपट्या रोटीचे आहेत. त्यांत रानगव्हाचें पीठ आहे आणि पाणथळींत उगवणाऱ्या एका लव्हाळ्याचे कंदही कुटून घातलेले आहेत. त्या मुलुखांत शेती सुरू होण्यास अद्याप सुमारें चार हजार वर्षें अवकाश होता. म्हणजे शिकार करून व रानांतलें वेंचून राहणाऱ्या माणसांनीं मूठ-मूठ रानदाणा गोळा केला, सोलला, दळला, मळला आणि भाजला. एवढा खटाटोप रोजच्या पोटासाठीं परवडणारा नव्हता. बहुधा पाहुण्यांसाठीं किंवा सणासाठीं तो असावा असा एक तर्क आहे. रोटीची चटक लागली म्हणून पुढें माणूस गहूं पेरूं लागला, असें म्हणणारेही विद्वान् आहेत. हा तर्क सिद्ध झालेला नाहीं, पण आम्हांस तो आवडतो.

ज्या रोटीला युरोप-अमेरिकेंत आणि आतां आपल्याकडील उपाहारगृहांतही ‘पिटा’ म्हणतात, तिला बेरूत-दमास्कसचा मनुष्य नुसतें ‘खुब्ज’ म्हणतो. पिटा हें नांव ग्रीकांकडचें. ईजिप्तांत तर रोटीला ‘ऐश’ म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थच जगणें असा आहे. आपल्याकडे ‘ऐष’ हा त्याच कुळांतला शब्द चैनीच्या अर्थानें रूढ झाला आहे. कैरोच्या मजुराची रोटी आणि आपल्या नाटकांतील श्रीमंताची ऐष एका धातूपासून निघावीं, ही भाषेची थट्टाच म्हणावयाची.

इ. स. २०१८ च्या वसंतांत कांहीं दिवस बेरूतला राहण्याचा योग आम्हांस आला होता. हम्रा नांवाच्या भागांत आमचा मुक्काम होता आणि मागच्या गल्लींत एक लहानसा फुर्न होता. सकाळीं सहाच्या सुमारास तेथें गेलें कीं भट्टीचें सर्व काम पाहावयास मिळे. कणकेचे गोळे फडक्याखालीं मुरत ठेवलेले. एकजण ते लाटून तळहाताहून थोड्या मोठ्या चकत्या करी. त्या चकत्यांस पुन्हां थोडी विश्रांति. मग दुसरा त्या फावड्यावर घेऊन भट्टींत सोडी. जेमतेम मिनिटभरांत चकती चेंडूसारखी टम्म फुगे. भट्टीची उष्णता इतकी कीं वरचा व खालचा असे दोन्ही पृष्ठभाग लगेच आवळून धरतात. आंतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडावयास वाट सांपडत नाहीं, आणि ती दोन पापुद्रे अलग करते. आपल्या फुलक्याचें आणि ज्वारीच्या भाकरीच्या पापुद्र्याचें शास्त्र याहून वेगळें नाहीं. रोटी बाहेर काढल्यावर ती लगेच बांधून देत नाहींत. फळीवर पसरून निवूं देतात, नाहीं तर ती स्वतःच्याच वाफेनें भिजते. “जरा थांबा, या उस्ताज,” असें तो भट्टीवाला रोज आम्हांस म्हणे. ‘उस्ताज’ म्हणजे गुरुजी. आमचा धंदा त्यास कसा कळला कोण जाणे, कदाचित् चष्म्यावरून कळला असेल.

फुर्नवर हुम्मुस मिळत नाहीं, हें पाहुण्याच्या लवकर ध्यानांत येत नाहीं. रोटी घ्यावयाची एका दुकानांत आणि हुम्मुस खावयाचें शेजारच्या फव्वालाकडे, अशी तेथील वांटणी आहे. फव्वाल म्हणजे ‘फूल’ नांवाचा वाल शिजवून विकणारा; त्याच्याच दुकानांत हरभराही शिजतो. काबुली हरभरे रात्रभर भिजवून, चिमूटभर सोडा घालून, सालें सुटेपर्यंत मंदाग्नीवर ठेवतात. सकाळीं ते कुटून त्यांत ‘तहीना’ म्हणजे तिळाचा पातळ कूट, लिंबू, लसूण आणि मीठ घालून इतकें घोटतात कीं लोणी आहे कीं डाळ आहे हें जिभेस कळत नाहीं. वाटींत पसरून मध्यें चमच्यानें आळें करावयाचें, आळ्यांत ऑलिव्हचें तेल, वर थोडे अख्खे हरभरे व जिऱ्याची पूड. सोबत कच्चा कांदा, पुदिना आणि सलगमाचें लोणचें. रोटीचा तुकडा हाच चमचा. आम्हीं पहिला घांस घेतला आणि आमच्या मनांत आलें, हें तर पिठलें-भाकरी-कांदा! धान्य वेगळें, स्निग्ध पदार्थ वेगळा, पण गरिबाच्या न्याहारीची मांडणी तंतोतंत तीच.

अरबी भाषेंत ‘हुम्मुस’ याचा अर्थ केवळ हरभरा. पदार्थाचें पूर्ण नांव ‘हुम्मुस बि तहीना’, म्हणजे तिळकुटांतला हरभरा. हरभऱ्याचा रानटी पूर्वज आजही फक्त आग्नेय तुर्कस्तानांत उगवतो, आणि सुमारें दहा हजार वर्षांपूर्वीं त्याच टापूंत हें कडधान्य माणसाळलें. तेथून तें पश्चिमेस रोमला गेलें व तेथें त्याचें नांव ‘किकेर’ पडलें. सिसरो या थोर वक्त्याचें आडनांव यावरूनच आलें. त्याच्या एका पूर्वजाच्या नाकाच्या शेंड्यावर हरभऱ्यासारखी खांच होती असें प्लुतार्क सांगतो. पूर्वेस हा दाणा आपल्याकडे फार प्राचीन काळीं आला आणि येथेंच इतका रुजला कीं आज जगांत सर्वांत अधिक हरभरा भारतांत पिकतो. मोठा पांढरा वाण मात्र मागाहून आला, आणि ज्या वाटेनें तो आला असें लोकांस वाटलें तिचें नांव त्यानें धारण केलें: काबुली.

वाटींतील पदार्थाचा लेखी पुरावा हरभऱ्याच्या मानानें अगदीं अलीकडचा आहे. तेराव्या शतकांतील अलेप्पो व कैरो येथील पाकशास्त्राच्या अरबी ग्रंथांत कुटलेल्या हरभऱ्याचे थंड प्रकार सांपडतात. त्यांत शिरका, मुरलेलें लिंबू, सुगंधी पाला आणि मसाले आहेत, परंतु लसूण नाहीं. ते ग्रंथ दरबारी मंडळींसाठीं लिहिलेले. आजचा साधा, चार जिनसांचा हुम्मुस कोणत्या शहरांत कोणीं प्रथम घोटला, याचा निर्णय करूं पाहणाऱ्याच्या हातीं कागद लागत नाहीं. तो दमास्कसचा म्हणा, बेरूतचा म्हणा, यरुशलेमचा म्हणा. ऑटोमन राज्यांत हीं तीन्ही शहरें एकाच सुलतानाचीं होतीं आणि मधें सरहद्द नव्हती.

सरहद्दी आल्या आणि भांडण लागलें. २००८ मध्यें लेबाननच्या उद्योगपतींच्या संघाचे अध्यक्ष फादी अब्बूद यांनीं, इस्रायल आमचा हुम्मुस आपला म्हणून जगांत विकतो, अशी तक्रार करून न्यायालयांत जाण्याची घोषणा केली. ‘फेटा’ हें पनीराचें नांव युरोपांत ग्रीसनें राखून घेतलें होतें, तो दाखला त्यांच्यापुढें होता. पुढें भांडण कायद्याच्या मार्गानें न जातां थाळ्यांच्या मार्गानें गेलें. २००९ च्या ऑक्टोबरांत बेरूतमध्यें दोन हजार किलोंहून अधिक हुम्मुस एका थाळींत मांडला. २०१० च्या जानेवारींत यरुशलेमजवळच्या अबू घोष गांवानें चार हजार किलोंची थाळी केली. आणि त्याच वर्षीं ८ मे रोजीं बेरूतजवळ फनार येथें १०,४५२ किलोंची थाळी सजली. हा आंकडा सहज आलेला नाहीं. लेबाननचें क्षेत्रफळ १०,४५२ चौरस किलोमीटर आहे! राष्ट्राभिमान किलोंत मोजण्याचा हा प्रकार हास्यास्पद खराच. पण रसगुल्ल्यासाठीं २०१७ मध्यें बंगालनें आणि २०१९ मध्यें ओडिशानें भौगोलिक नांवाची सनद मिळविली, हें पाहिलेल्या आम्हां भारतीयांनीं फार हंसूं नये हें बरें. शिवाय एक गोष्ट विसरतां येत नाहीं. अबू घोष हें इस्रायलांतील गांव असलें तरी तेथील लोक अरब आहेत. आणि १९४८ मध्यें ज्या सात लाखांवर पॅलेस्टिनी अरबांस घरें सोडावीं लागलीं, त्यांच्या दृष्टीनें हा वाटीचा प्रश्न नव्हता. घर गेलें, शेत गेलें, आतां पदार्थाचें नांवही जातें, असा तो सल होता. उलट बाजूस, बगदाद, दमास्कस, कैरो येथून इस्रायलांत आलेले ज्यू लोक हरभरा आणि तीळ यांशीं पिढ्यान्‌पिढ्या परिचित होते. आमच्या कोंकणांतून गेलेल्या बेने इस्रायल मंडळींना मात्र तो तेथेंच भेटला. रामले, लोद, दिमोना अशा गांवीं वसलेल्या त्या मराठी कुटुंबांनीं ‘मायबोली’ नांवाचें मराठी नियतकालिक चालविलें, आणि हुम्मुसही आपलासा केला.

हुम्मुसचा वाद हा भरल्या पोटाचा वाद. रोटीचा इतिहास अधिक कठोर आहे. पहिल्या महायुद्धापूर्वीं लेबाननच्या डोंगराळ भागांत शेतकऱ्यांनीं गव्हाऐवजीं तुतीचीं झाडें लावलीं होतीं. तुतीवर रेशमाचे किडे, आणि रेशीम फ्रान्समधील ल्योंच्या गिरण्यांना. रोख पैसा येई व धान्य बाहेरून, हौरान आणि बेका या सखल मुलुखांतून, विकत आणतां येई. घरचें धान्य वर्षांतले कांहीं महिनेच पुरे. १९१४ मध्यें युद्ध पेटलें. दोस्तांच्या आरमारानें किनारा कोंडला, म्हणून रेशीम जाईना व धान्य येईना. तुर्की सैन्यानें धान्य व गुरें सक्तीनें उचललीं. सेनापति जमाल पाशाच्या अमलांत आंतल्या मुलुखांतूनही डोंगरांत गहूं मोकळेपणानें येईना. व्यापाऱ्यांनीं साठे केले. आणि १९१५ च्या वसंतांत टोळधाड आली. १९१८ पर्यंत दीड ते दोन लाख माणसें भुकेनें व तापानें मेलीं असा अंदाज आहे. डोंगराच्या लोकवस्तीचा तो जवळजवळ तिसरा हिस्सा. आपल्या वाचकांस परिचित असलेला खलील जिब्रान त्यावेळीं न्यूयॉर्कमध्यें होता; १९१६ मध्यें मायदेशासाठीं वर्गणी जमविणाऱ्या समितीचें चिटणीसपण त्यानें केलें. दख्खनचा १८७६-७८ चा आणि बंगालचा १९४३ चा दुष्काळ ज्यांनीं अभ्यासला आहे, त्यांस या हकीगतींत ओळखीचें पुष्कळ दिसेल. टोळ निसर्गाचे होते. बाकीचीं सर्व कारणें कचेरींत, छावणींत व गोदामांत तयार झालेलीं होतीं.

या आठवणीमुळेंच कीं काय, लेबाननमध्यें रोटीचा भाव हा राज्यकर्त्यांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न होऊन बसला. आम्ही तेथें होतों तेव्हां रोट्यांची एक ‘रब्ता’, म्हणजे जुडी, १,५०० पौंडांस मिळे. एक डॉलर म्हणजे १,५०७.५ पौंड हा दर १९९७ पासून बांधलेला होता. म्हणून जुडी म्हणजे डॉलर असा सोपा हिशेब होता. २०१९ मध्यें तेथील पेढ्या कोसळल्या. २०२० च्या जून अखेर सरकारनें नऊशें ग्रॅमच्या जुडीचा भाव दोन हजार केला. पुढें ४ ऑगस्ट रोजीं बंदरांत सांठवलेल्या २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला, दोनशेंहून अधिक माणसें मेलीं, आणि देशाचीं मुख्य धान्यकोठारें फुटलीं. १९६८ ते १९७० मध्यें कुवेतच्या कर्जांतून बांधलेले हे कांक्रीटचे उंच मनोरे एक लाख टनांहून अधिक धान्य मावेल एवढे होते. त्यांनीं स्फोटाचा धक्का आपल्या अंगावर घेतला म्हणून शहराचा पश्चिम भाग पुष्कळसा वांचला. हम्रा त्याच बाजूस आहे. २०२२ मध्यें युक्रेनवर रशियानें स्वारी केली. लेबाननचा बहुतेक गहूं युक्रेनमधून येत असे. त्या उन्हाळ्यांत फुर्नपुढें रांगा लागल्या, भांडणें झालीं, आणि जागतिक बँकेकडून गव्हासाठीं पंधरा कोटि डॉलरचें कर्ज घ्यावें लागलें. त्याच जुलैंत फुटक्या कोठारांत कुजलेलें धान्य आपोआप पेटलें. आठवडेच्या आठवडे तें धुमसत होतें, आणि ३१ जुलैला उत्तरेकडील मनोऱ्यांचा एक भाग ढांसळला. दुसरा ढांसळला तो ४ ऑगस्टला, स्फोटाच्या वर्षश्राद्धाच्या दिवशीं. सरकारनें सर्वच मनोरे पाडण्याचा निर्णय त्यापूर्वीं केला होता. मृतांच्या नातलगांनीं विरोध केला व दक्षिणेकडील मनोरे उभे राहिले. २०२३ च्या मार्चमध्यें काळ्या बाजारांत एका डॉलरला एक लाखावर पौंड पडूं लागले. आमचे जुने दीड हजार पौंड तेव्हां दोन सेंटांचेही राहिले नव्हते.

शेजारच्या देशांत याहूनही वाईट झालें. सीरियांतील अलेप्पो प्रांतांत २०१२ च्या ऑगस्टमध्यें, तीन आठवड्यांत निदान दहा भट्ट्यांवर किंवा त्यांच्या लगत बाँब व तोफगोळे पडले. रोटीसाठीं रांगेंत उभीं असलेलीं माणसें मेलीं. गाझांत जागतिक अन्न कार्यक्रमाच्या मदतीनें चालणाऱ्या पंचवीसही भट्ट्या २०२५ च्या १ एप्रिलपर्यंत पीठ व जळण संपून बंद पडल्या. रांग जेथें लागते तेथें माणसें हमखास सांपडतात, हें बाँब टाकणाऱ्यासही ठाऊक असतें.

त्या मुलुखांत रस्त्यावर पडलेला रोटीचा तुकडा कोणी ओलांडून जात नाहीं. तो उचलतात, ओठांस लावतात, आणि भिंतीच्या कोनाड्यांत किंवा कठड्यावर, पाय लागणार नाहीं अशा उंचीवर, ठेवून देतात. तेथें तो पांखरांस मिळतो. मुसलमान, ख्रिस्ती सर्वच असें करतात. घरांतली शिळी रोटीही टाकीत नाहींत. ती भाजून, चुरून काकडी-टोमॅटोंत घातली कीं ‘फत्तूश’ होतें. आणि तिच्या तुकड्यांवर शिजलेले हरभरे त्यांच्या पाण्यासकट ओतून, वर लसणीचें दहीं आणि तापल्या तुपांत तळलेले चिलगोजे घातले कीं ‘फत्ते’ होतें. या शब्दाचा मूळ अर्थ कुस्करणें असा आहे. हम्राच्या फव्वालाकडे दुपारीं उरलेल्या रोट्यांचें फत्ते मिळे, आणि तें खावयास सकाळपेक्षांही अधिक गर्दी असे.